बासष्ट किलोंचा नवस

समुद्रपूर
१४ जुलै २०२४

चि. रुचिका,
आशीर्वाद.

एकोणीस दिवस झाले, तुझा फोन लागत नाही. प्रफुल म्हणाला, "तिनं तुमाले ब्लॉक केलं, आत्याबाई." मी शब्दाचा अर्थ विचारला. त्याने हसत सांगितला. चुलतभावाला हसायला कारण दिलंस, ते बरं केलंस.

तुझी आई गेली तेव्हा तू आठ महिन्यांची होतीस. भैय्याजीला दुकानातला गूळ आणि डाळ कळते, मूल कळत नव्हतं. बाप असून तुला मांडीवर घ्यायला घाबरायचा. मी नुकतीच सासरहून कायमची परत आले होते. तेव्हापासून तुझं सगळं मी केलं. हे उपकार म्हणून लिहीत नाही, माहिती म्हणून लिहिते, कारण वर्धेला राहून तू ती विसरलेली दिसतेस.

जूनमध्ये तू कॉलेजच्या लायब्ररीत, कामाच्या जागी, चक्कर येऊन पडलीस. तीन दिवस सलाइन. डॉक्टर मला म्हणाला, मुलगी खात नाही. पंचवीस वर्षांची, नोकरी करणारी मुलगी खात नाही, हे मी चार लोकांत ऐकून घेतलं. तुझ्या खाटेशी उभी राहून मी देवीला बोलले की हिला उठव, कार्तिकी पौर्णिमेला मळ्यात तुझ्यापुढे हिची पुन्हा गूळतुला करीन. तेराव्या वर्षी केली तशीच. तू उठलीस. आता नवस फेडायचा आहे. पौर्णिमा पंधरा नोव्हेंबरला आहे. चार दिवसांची रजा आताच टाकून ठेव.

प्रफुलबरोबर डिंकाचे लाडू पाठवले आहेत. रोज दोन. डबा रिकामा परत यायला हवा.

तुझी
प्रमिला आत्या

*

वर्धा
२२ जुलै २०२४

आत्याबाई,
नमस्कार.

फोन मीच बंद केला आहे. तुम्ही फोनवर पहिला प्रश्न विचारता तो "जेवलीस का". दुसरा "काय". तिसरा "किती". त्यानंतर दिवसभर मी त्या तीन प्रश्नांची उत्तरं देत बसते, तुम्ही ऐकत नसताना. दवाखान्यातून सुटल्यापासून मी माधवीताईंकडे जाते. खाणं आणि शरीर यांच्याशी ज्यांचं बिघडलेलं असतं अशा माणसांवर त्या उपचार करतात, औषधाने कमी, बोलून जास्त. घरच्यांशी काही महिने फक्त पत्रांतून बोला, असं त्यांनी सुचवलं. पत्र वाचता वाचता बाजूला ठेवता येतं.

तीन गोष्टी मागते. माझं वजन, अंग, चेहरा यांवर काही लिहायचं नाही, चांगलंसुद्धा नाही. मी काय खाल्लं ते विचारायचं नाही. आणि कधी एकत्र बसलोच तर मी जेवत असताना माझ्या ताटाकडे कोणी पाहायचं नाही.

लाडू घरमालकीण शालूबाईंना दिले. डबा रिकामा पाठवते आहे.

पारड्यात मी बसणार नाही.

रुचिका

*

समुद्रपूर
२८ जुलै २०२४

चि. रुचिका,

तुझे नियम वाचले. ताटाकडे पाहायचं नाही. आम्ही काय दृष्ट लावतो? या घरात तुझ्या ताटाकडे कोणी पाहिलं नसतं तर तू आठ महिन्यांचीच राहिली असतीस.

मी १९८२ साली वर्धेच्याच कॉलेजात बी.ए. झाले. मानसशास्त्र होतं मला, पन्नास मार्कांचं का असेना. त्यात ताटाकडे पाहू नये असा धडा कुठेही नव्हता. भूक लागली की जेवायचं आणि पोट भरलं की उठायचं. एवढ्याला ताई लागते, हे मी पहिल्यांदा ऐकलं. आपल्या मळ्यात भाजी तोडायला बायका येतात. सकाळी सहाला भाकर बांधून निघतात, दहाला बांधावर बसून खातात. त्यांचं भाकरीशी काही बिघडलेलं मी पाहिलं नाही. बिघडायला वेळ लागतो, आणि तो तुझ्याकडे आहे.

लाडू शालूबाईला दिलेस. छान. माझ्या हातचं तूप त्या बाईच्या अंगी लागो.

शरीरावर लिहायचं नाही, खाण्यावर विचारायचं नाही. मग काय आत्म्यावर लिहू?

आता नवसाचं. तो तुझा नाही, माझा आहे, आणि बोललेला शब्द मी मागे घेत नाही. तुला अर्धा तास एका पाटावर बसायचं आहे, फासावर चढायचं नाही. पौर्णिमेला आली नाहीस तर या घराचं दार तुला बंद. भैय्याजी काही म्हणणार नाही, तो कधीच काही म्हणत नाही. हे मी म्हणते आहे.

प्रमिला आत्या

*

वर्धा
९ ऑगस्ट २०२४

आत्याबाई,

शरीरावर नाही तर कशावर लिहू, असं विचारलंत. शरीरावर मीच लिहिते. एकदाच लिहीन.

मी तेरा वर्षांची होते. चिंचेच्या फांदीला दुकानातला मोठा लोखंडी काटा टांगला होता. एका बाजूचं पारडं काढून तिथे आजोबांचा जेवायचा सागवानी पाट साखळ्यांनी बांधला होता. मला त्यावर बसवलं. मळ्यात साठेक माणसं होती. दुसऱ्या पारड्यात दुकानाचा मापाडी हिरालाल गुळाच्या भेल्या ठेवत होता, दहा-दहा किलोंच्या. तीन झाल्या. चार झाल्या. पाच झाल्या. पाट हलला नाही.

प्रफुल ओरडला, "अबे हिरालाल, दुकानच उचलून आन ना."

सगळे हसले. सहावी भेली आली. प्रफुल म्हणाला, "पोरगी हाय का सरकीचं पोतं?" बाबा हसले. तुम्ही हसला नाहीत, ते मला आठवतं. पण तुम्ही म्हणालात, "देवीचं आहे, हात आखडू नका." मग किलोकिलोचे दोन खडे. मग पाट उचलला गेला, आणि हिरालालने मोंढ्यात माल पुकारतात तसा आकडा पुकारला. बासष्ट.

त्या दिवसानंतर घरात माझं नाव कोणी घेतलं का, आठवून पाहा. "बासष्ट आली." "बासष्टले सरकून बसाले सांग." प्रफुलच्या बहिणीच्या लग्नात पंगतीत तो वाढप्याला म्हणाला, "इकडं दोन जिलब्या जास्त टाक, बासष्ट बसली हाय." मी त्या दिवशी पंगतीतून उठले ती पुन्हा पंगतीला बसले नाही. तुम्हाला वाटलं, मुलगी शहाणी झाली, कामाला लागली.

माधवीताईंनी पहिल्या महिन्यात टेबलावर गुळाचा खडा ठेवला. खायचा नव्हता. त्याच्यासमोर दहा मिनिटं बसायचं होतं. मी चौथ्या मिनिटाला उठले. त्या रागावल्या नाहीत. दार उघडून दिलं आणि म्हणाल्या, "चार मिनिटं बसलात." आपल्या घरात उरलेल्या सहा मिनिटांचं काय झालं ते विचारलं असतं.

त्या मला सांगतात की अंगाशी असं बोला, जसं दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाशी बोलाल. मला ते अजून येत नाही. मला असं बोललेलं ऐकायची सवय नाही.

परवा त्यांनी विचारलं, "घरातल्या मोठ्या बायका कशा जेवायच्या?" मी तुम्हाला आठवलं. ओट्याशी उभ्या. पातेल्यातलं उरलेलं, एका हातात झाकण. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी तेही नाही. मी चोवीस वर्षं तुमच्याजवळ होते आणि तुम्हाला बसून जेवताना पाहिलेलं मला आठवेना.

म्हणून विचारते. तुम्ही शेवटचं बसून कधी जेवलात?

रुचिका

*

समुद्रपूर
१५ ऑगस्ट २०२४

माधवी मॅडम,

मी रुचिकाची आत्या. तुमचा पत्ता तिच्या वडिलांनी दवाखान्यातून मिळवून दिला.

आजारी मुलीला खा म्हणणं हा गुन्हा कधीपासून झाला, ते मला समजावून सांगा. तुम्ही पोरीपुढे गुळाचा खडा ठेवता, ती पळून जाते, आणि तुम्ही तिला शाबासकी देता. आमच्या दुकानात अर्धं काम करून जाणाऱ्याला आम्ही दार दाखवतो. तुम्हीही दारच दाखवलंत म्हणा, पण कौतुकाने.

पोरं चिडवतात. आम्हाला काय चिडवलं नाही? प्रफुल तोंडाचा फाटका आहे, मनाचा वाईट नाही. एका शब्दावरून बारा वर्षं उपाशी राहायचं, आणि त्यातून घरच्यांचाच दोष काढायचा, हे शिक्षण तुम्ही तिला देता आहात. आता तिने उलटून माझ्याच जेवणाची चौकशी आरंभली आहे. मी काय खाते आणि कशी खाते याच्याशी कोणाला काही करायचं नाही.

तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. ती सध्या काय खाते. किती महिन्यांत बरी होईल. आणि कार्तिकी पौर्णिमेला तिला पाठवणार की नाही.

प्रमिला

*

वर्धा
२१ ऑगस्ट २०२४

प्रमिलाताई,
नमस्कार.

रुचिकाबद्दल तिच्या परवानगीशिवाय मी काही सांगू शकत नाही. तिन्ही प्रश्नांना हेच उत्तर आहे. तुम्हाला ते आवडणार नाही, हे मला कळतं.

खा म्हणणं गुन्हा नाही. पण रागावून माणूस बरा होत असता, तर ती तुमच्या घरीच बरी झाली असती. तुमच्याकडे काळजी कमी नव्हती.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वाचलं: "मी काय खाते आणि कशी खाते याच्याशी कोणाला काही करायचं नाही." रुचिका पहिल्यांदा आली तेव्हा हेच म्हणाली होती, जवळजवळ याच शब्दांत. हे सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे.

तुम्हाला स्वतःसाठी यायचं असेल तर मंगळवारी दुपारी माझ्याकडे वेळ असतो.

माधवी

*

वर्धा
७ सप्टेंबर २०२४

आत्याबाई,

मंगळवारी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही न कळवता आलात. दार उघडंच होतं. मी जेवायला बसले होते. वरण-भात होता, मी केलेला. कितीतरी दिवसांनी मी तो ताट मांडून, खाली बसून, मोबाईल बाजूला ठेवून जेवत होते. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नव्हतं, म्हणून सांगते.

तुम्ही चपला काढायच्या आत ताटाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "एवढंच?" आणि त्याच दमात, "गाल मात्र वर आलेत, बरं आहे."

मी ताट सारलं. तुम्ही म्हणालात, "बसा आता रुसून." मी तुम्हाला वाढते म्हटलं, तर तुम्ही खिडकीशी जाऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, माझा उपास आहे. मंगळवारी तुमचा उपास कधीपासून असतो?

तुम्ही तीनच्या गाडीने गेलात. माझे पुढचे तीन दिवस त्या "एवढंच"मध्ये गेले. आज सकाळी पुन्हा भात लावला.

माधवीताईंना तुम्ही काय लिहिलं ते मी वाचलं नाही. पण तुमच्या मंगळवारच्या पिशवीत त्यांचं पत्र मला दिसलं. तुम्ही त्यांच्याकडेच आल्या होतात का? मग गेला का नाहीत?

पौर्णिमेला मी येणार नाही. पुन्हा न कळवता आलात तर दार उघडणार नाही. घराचं दार बंद करायची भाषा तुम्ही केलीत, ती मलाही येते.

रुचिका

*

समुद्रपूर
२० ऑक्टोबर २०२४

चि. रुचिका,

सहा आठवडे लिहिलं नाही. राग होता. अजून आहे. पण एक गोष्ट समोर आली आहे ती तुला कळवणं भाग आहे.

काल हिरालालने माळ्यावरून मोठा काटा काढला, तेल घातलं. पाटही काढला. तू येणार नाहीस असं लिहिलंस, पण तयारी माझी मी करतेच. पाट बांधून झाल्यावर हिरालाल म्हणाला, "बाई, याले धडा करा लागते. पाट लय जड हाय."

तू दुकानात वाढलीस, पण तुझं लक्ष नसे म्हणून लिहिते. माल जोखायच्या आधी रिकामी पारडी सारखी करतात. एक बाजू जड असेल तर दुसऱ्या बाजूला तेवढा दगड ठेवतात. तो धडा. तो केला नाही तर मालाबरोबर पोतंही जोखलं जातं.

मी म्हणाले, देवीच्या मापाला आपल्याकडे धडा करत नाहीत. आजोबांपासूनची रीत आहे. देवीकडे चार शेर जास्त जावं, कमी जाऊ नये.

हिरालाल म्हणाला, "तेच म्हनून राह्यलो. मांगच्या खेपेले बी तुमीच नाई म्हनलं होतं. पोरीसंगं आपन पाट बी जोखला."

मी पाट एकटाच टांगायला लावला. कड्या-साखळ्यांसकट तो पारड्यापेक्षा साडेचौदा किलोंनी जड भरला. दोनदा पाहिलं.

म्हणजे तू साडेसत्तेचाळीस होतीस. बासष्ट तू कधीच नव्हतीस.

हे हिरालालला माहीत होतं. मलाही होतं म्हणायचं, कोणी विचारलं असतं तर. पुकारलेला आकडा गुळाचा होता. तो कोणी पोरीचा धरेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दुकानातल्या माणसाच्या येत नाही.

तेव्हा झालं. बारा वर्षं तू एका लाकडी पाटाशी भांडत होतीस. तुझ्या माधवीताईंना कळव की प्रकरण मिटलं. या वेळी रीत मोडून धडा करू, आणि हिरालालला आकडा हळू पुकारायला सांगते. आता यायला तुझी हरकत नसावी.

प्रमिला आत्या

*

वर्धा
२७ ऑक्टोबर २०२४

आत्याबाई,

आणि मी खरोखर बासष्ट असते तर?

तर प्रफुल बरोबर होता? तर पंगतीतून उठले ते ठीक केलं? दुकानाच्या चिठ्ठीत चूक निघाल्यावर गिऱ्हाइकाला कळवतात तसं तुम्ही मला कळवलंत. एक आकडा खोडला, दुसरा लिहिला, आणि प्रकरण मिटलं.

पत्र वाचून मला काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की तुम्ही काय पाठवलंत. मला आधी आनंद झाला. खूप. आणि त्या आनंदात मी दुपारचं जेवण टाळलं. साडेसत्तेचाळीसवर परत जाता येईल का, याचा हिशोब मी हातात पत्र धरून करत होते. संध्याकाळी माधवीताईंकडे गेले आणि पत्र त्यांच्यासमोर ठेवलं.

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ती तेरा वर्षांची मुलगी अजून त्या पाटावर बसली आहे. पाट किती जड होता हे तिला आता कळलं. पण तिला खाली कोणी उतरवलं नाही."

मी म्हटलं, उतरवायला कोणी येणार नाही. आमच्याकडे सगळे आकडा ऐकायला थांबतात, मग प्रसाद घेऊन घरी जातात.

पाट जड आहे हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं. देवीला चार शेर कमी पडू नयेत याची काळजी तुम्हाला होती. मी वर होते.

मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अडीच महिन्यांत दिलेलं नाही. आता नको. पत्रही नको.

रुचिका

*

समुद्रपूर
१८ नोव्हेंबर २०२४

रुचिका,

पत्र नको म्हणालीस. हे एक लिहिते, मग लिहिणार नाही.

पौर्णिमा झाली. नवस मी बोलले होते, तो फेडल्याशिवाय मला राहता येत नाही. तू नव्हतीस. मी बसले.

भैय्याजी म्हणाला, "बाई, लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, तू आयुष्यभर गप्प राहिलास, अजून अर्धा तास राहा. पाट तोच, धडा नाही. हिरालालने हात दिला.

पाय जमिनीवरून सुटल्यावर धरायला काही नसतं. साखळी धरली तर पाट फिरतो. चाळीसेक माणसं होती, सगळी माझ्याकडेच पाहत होती. मी पदर तीनदा सारखा केला. तेरा वर्षांच्या मुलीला सारखा करायला पदरही नव्हता, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

पाच भेल्या झाल्या. हिरालालने सहावी ठेवली तर पाट झटक्याने इतका वर गेला की मी पडले असते. ती काढावी लागली. प्रफुल म्हणाला, "आत्याबाई त लय हलक्या निंघाल्या बे. खाता का नाई काई?" लोक हसले.

मी त्याला वरूनच म्हणाले, "बारा वर्षांपूर्वी मी तुझ्या कानाखाली द्यायला हवी होती. तेव्हा हात पोचत होता." मग कोणी हसलं नाही.

हिरालालने पुकारायला तोंड उघडलं. त्याला म्हटलं, आकडा तोंडातून काढलास तर उद्यापासून दुकानात येऊ नकोस. तीस वर्षांत त्याने पहिल्यांदा माप पुकारलं नाही. देवीने डोळ्यांनी पाहिलं आहे, तिला ओरडून सांगायची गरज नाही. ही अक्कल तेव्हा यायला हवी होती. आली नाही. तुला खाली उतरवायचं माझं काम होतं, आणि मी भेल्या पाहत होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या आईबरोबर एका संक्रांतीला बसून जेवले होते. तिने ओढून बसवलं होतं. त्यानंतरचं आठवत नाही. माझ्या सासरी सासू समोर बसून माझ्या पोळ्या मोजायची. मोठ्याने. तेव्हापासून कोणी समोर असलं की मला घास उतरत नाही. मंगळवारी उपास नव्हता. माधवीबाईंच्या दारापर्यंत गेले होते. बाहेर चार बायका बसल्या होत्या, सगळ्या तुझ्या वयाच्या. परत फिरले आणि तो राग तुझ्या ताटावर काढला.

हे सगळं मी तुला दया यावी म्हणून लिहिलेलं नाही. विचारलं होतंस म्हणून लिहिलं.

पाट एसटीने पाठवते आहे. कड्या-साखळ्या काढल्या आहेत. जाळ, फोड, शालूबाईला दे. गूळ पाठवत नाही. मागितलास तर पाठवीन.

दाराचं मी जे लिहिलं होतं, ते खोडून टाक.

प्रमिला

*

वर्धा
२ डिसेंबर २०२४

आत्याबाई,
नमस्कार.

पाट मिळाला. कंडक्टर आणि एक उतारू, दोघांनी मिळून उतरवला. शालूबाई म्हणाल्या, "एवढा जड पाट घेऊन काय करतं वो बाई, घरून कोनी साडी पाठवते."

आठ दिवस तो भिंतीकडे तोंड करून उभा ठेवला होता. शनिवारी खाली टाकला. कड्यांच्या चार भोकांत गुळाचा मळ अडकला होता, तो सुईने काढला. मग बसले. जमिनीपासून चार बोटं उंच आहे, एवढंच. पाय टेकतात. त्यावर बसून जेवले. काय आणि किती ते लिहीत नाही.

प्रफुलचा मेसेज आला होता. "सॉरी यार, मजाक होता." मी उत्तर दिलेलं नाही, देईन असं वाटत नाही.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही. माधवीताई म्हणतात, घाई करू नका. मला घाई नाहीच. तुमचं पत्र मी चारदा वाचलं. त्यातली पदराची ओळ मला नको होती, आणि तीच सारखी डोक्यात येते.

रविवारी, आठ तारखेला, या. बारा वाजता जेवण. पाट एकच आहे. तुम्ही पाटावर बसाल, मी जमिनीवर. उभ्याने जेवायचं असेल तर येऊ नका. उपास असेल तर सोमवारी करा.

थोडा गूळ आणा. खाईन की नाही ते तेव्हा ठरवीन.

रुचिका

*

समुद्रपूर
५ डिसेंबर २०२४

चि. रुचिका,
आशीर्वाद.

आठच्या गाडीने निघते, हिंगणघाटला बदलते. बाराच्या आत पोचेन. भैय्याजी येतो म्हणत होता, त्याला नको म्हटलं. गुळाचा एक खडा आणते, भेली आणत नाही. वाटीभर लिंबाचं लोणचंही आणेन. ते माझ्यासाठी, तुला द्यायला नाही.

पाटावर बसेन.

एकच सांगायचं आहे, ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे तिथे वाद नको. मी जेवत असताना माझ्या ताटाकडे पाहायचं नाही.

प्रमिला आत्या